कोट, घाट आणि टेकड्या : वैनगंगेकाठची पवनी

भंडाऱ्याहून दक्षिणेला सुमारे 45 किलोमीटरवर, वैनगंगेच्या उजव्या तीरावर पवनी हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वेला नदी, उरलेल्या तीन बाजूंना मातीचा उंच कोट आणि कोटाबाहेर खंदक अशी या गावाची जुनी आखणी आजही जमिनीवर स्पष्ट दिसते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासून इथे वस्ती असल्याचे पुरावे मिळाले आहेत. मधल्या काही शतकांची माहिती विरळ आहे, पण गाव जागचे हलले नाही. महाराष्ट्रातल्या प्राचीन नगरांची नावे घेताना पैठण, तेर, नाशिक, कऱ्हाड ही नावे सहज पुढे येतात. पवनीचे नाव सहसा येत नाही आणि याचे कारण तिच्या इतिहासात कमी, विदर्भाच्या पूर्व टोकाकडे पाहण्याच्या उर्वरित महाराष्ट्राच्या सवयीत जास्त आहे.

वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे उतरते, पुढे गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि प्राणहिता या नावाने गोदावरीत जाते. पश्चिमेकडच्या विदर्भातून निघून छत्तीसगडकडे, म्हणजे जुन्या दक्षिण कोसलाकडे जाणाऱ्या माणसाला ही नदी कुठेतरी ओलांडावीच लागते. पावसाळ्यात तिचे पात्र अफाट होते. उन्हाळ्यात मात्र रेतीच्या पट्ट्यांतून पाण्याच्या दोन-तीन धारा तेवढ्या उरतात. अशा नदीवर उताराची जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात रस्ता. पवनीचा कोट, तिची श्रीमंती आणि तिथले स्तूप या साऱ्यांचा उलगडा या एका गोष्टीतून बराचसा होतो. समुद्राकाठच्या शहराला जे बंदर देते, ते या गावाला नदीच्या उताराने दिले.

नागपूरकडून येणारा रस्ता उमरेड आणि भिवापूरवरून पवनीला पोचतो. हे अंतर सुमारे 80 किलोमीटर आहे. भंडाऱ्याकडून येणारा रस्ता अड्याळवरून येतो. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडीच्या काळात ‘पवनी रोड’ नावाचे स्थानकही होते, मात्र ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी 2019 मध्ये बंद झाली. एसटी आणि खासगी वाहन हेच आज खरे पर्याय आहेत. हवामानाच्या दृष्टीने कार्तिक ते फाल्गुन हा काळ बरा. वैशाखात या भागातले ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते आणि टेकडी चढणे तर दूरच, घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी उभे राहणेही अवघड होते.

गावात शिरताना पहिली भेट कोटाशी होते. जवाहर दरवाजा या नावाने ओळखला जाणारा दगडी दरवाजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गेलेली तटबंदी पाहून पुष्कळ लोक हा मध्ययुगीन किल्ला समजून पुढे जातात. वरचे दगडी काम उत्तरकाळातले आहे, हे खरे. गोंड आणि भोसले यांच्या राजवटींत हा किल्ला वापरात होता. पण हे दगडी काम ज्या मातीच्या बांधावर बसले आहे तो बांध फार जुना आहे. प्राचीन भारतातल्या अनेक नगरांना असे मातीचे कोट होते. खंदक खोदायचा, त्यातून निघालेली माती आतल्या बाजूला टाकत जायची आणि तिचा उंच बांध घालायचा. एका श्रमात दोन संरक्षणे मिळतात आणि त्यासाठी दगडाची खाण जवळ असावी लागत नाही. शेजारच्या कुही तालुक्यातल्या अडम येथेही असेच तटबंदीचे नगर होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 1988 पासून काही वर्षे तिथे उत्खनन केले. अडमची वस्ती पुढे उठली, पवनीची उठली नाही.

पवनी पाहायला येणाऱ्याने हा फरक मनाशी पक्का धरावा, नाहीतर इथून निराश होऊन परतण्याचा धोका आहे. इटलीत टायबर नदीच्या मुखाशी ऑस्टिया नावाचे रोमचे जुने बंदर होते. तिथली सर्वांत जुनी तटबंदी इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरची, म्हणजे पवनीच्या आरंभकाळाच्या आसपासचीच. ऑस्टियाच्या बंदरात गाळ साचत गेला, व्यापार दुसरीकडे वळला, लोक निघून गेले. 1557 च्या पुरात नदीने पात्र बदलले आणि समुद्रही आता तिथून काही किलोमीटर दूर गेला आहे. गाव ओस पडल्यामुळे विसाव्या शतकात ते मोकळेपणाने खणता आले. आज तिथे गेलेल्या प्रवाशाला रस्ते, दुकाने, स्नानगृहे आणि नाट्यगृह असे सबंध शहर पाहायला मिळते. पवनीत असे काही दिसत नाही. तिथे प्राचीन नगरावर घरे आहेत, बाजार आहे, शाळा आहे, नगर परिषदेचे नळ आहेत. कोटाच्या आत मोठे खणकाम करायचे तर आधी माणसे हलवावी लागतील, आणि तसे कोणी सुचवूही नये. त्यामुळे पवनीचा सर्वांत जुना काळ प्रामुख्याने कोटाबाहेरच्या टेकड्यांनी उघड केला.

या टेकड्यांतली पहिली जगन्नाथ टेकडी. बालसमुद्र तलावाजवळच्या या उंचवट्यावर जगन्नाथाचे देऊळ आहे, म्हणून हे नाव. टेकडीच्या आसपास कोरीव दगडी खांबांचे आणि कठड्यांचे तुकडे पूर्वीपासून मिळत होते. मराठीचे आणि महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. वि. भि. कोलते यांनी पवनीच्या ब्राह्मी लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. कोलते तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचे नेतृत्व केले आणि 1972 मध्ये अहवालही निघाला. खणून अहवाल न लिहिण्याची आपल्याकडची परंपरा लक्षात घेता ही तत्परता नोंद घेण्याजोगी आहे.

टेकडीच्या पोटातून निघाला तो एक बौद्ध स्तूप. त्याचा व्यास सुमारे 38 मीटर भरला. नदीकडच्या भागातल्या चंडकापूर येथील हरदोलाला टेकडीत दुसरा स्तूप सापडला, त्याचा व्यास त्याहूनही मोठा, सुमारे 41 मीटर. तुलनेसाठी सांगायचे तर सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साडेछत्तीस मीटरच्या आसपास आहे. हा आकडा ऐकून पवनीचा स्तूप सांचीपेक्षा भव्य होता असे विधान स्थानिक भाषणांत हमखास होते. व्यासापुरते ते बरोबर आहे. सांचीची तोरणे, तिचा शाबूत घुमट आणि तिथले शिल्पवैभव यांची बरोबरी मात्र तेवढ्याने होत नाही. पवनीचे मोल निराळ्या गोष्टीत आहे. इथला स्तूप एका दमात बांधलेला नाही. मूळचा लहान स्तूप मौर्यकाळातला, कदाचित त्याच्याही आधीचा. पुढे तो वाढवला गेला, भोवती प्रदक्षिणेची वाट झाली आणि कठडे आले. सातवाहनकाळापर्यंत ही बांधणी आणि दुरुस्ती चालू होती. म्हणजे एका पिढीच्या भक्तीचा हा आविष्कार नव्हे, कित्येक पिढ्यांनी त्यासाठी पैसा आणि श्रम पुरवले.

हा पैसा कोणाचा, हे कठड्यांच्या दगडांवरच लिहिले आहे. स्तूपाभोवतीच्या कठड्याला वेदिका म्हणतात. उभे खांब, त्यांच्या खोबणीत बसवलेल्या आडव्या सूची आणि वर उष्णीष नावाचा गोलसर माथा अशी तिची रचना असते. तिचा एकेक भाग एकेका दात्याने दिलेला आणि त्या भागावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत त्याचे नाव. राजाने सारे मंदिर बांधून द्यावे आणि प्रशस्ती कोरून घ्यावी, ही तऱ्हा नंतरची. पवनीत सांची-भारहुतप्रमाणे वर्गणीचा मामला आहे. दात्यांत उपासक आहेत, उपासिका आहेत, भिक्षुसंघातली माणसे आहेत. एक दाता स्वतःला ‘पंचनैकायिक’ म्हणवतो, म्हणजे बुद्धवचनाचे पाचही निकाय जाणणारा. ही एक उपाधी पुष्कळ काही सांगून जाते. बुद्धवचनाची पाच निकायांत विभागणी त्या काळी रूढ झाली होती आणि ते सारे मुखोद्गत असलेला विद्वान वैनगंगेकाठच्या या नगराशी संबंधित होता.

शिल्पांत बुद्धाची मानवी मूर्ती नाही. तो काळ तिच्या आधीचा. बोधिवृक्ष, धर्मचक्र, रिकामे आसन अशा खुणांनी बुद्धाचे अस्तित्व दाखवले आहे. पवनीचे सर्वांत प्रसिद्ध शिल्प मुचलिंद नागाचे. ज्ञानप्राप्तीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर वादळी पावसात मुचलिंद नावाच्या नागराजाने फणा धरला अशी कथा आहे. इथल्या शिल्पात फण्याखाली आसन आहे आणि आसनावर कोणी नाही. शेजारी नागाचे नाव कोरले आहे, त्यामुळे ओळखीबद्दल शंका उरत नाही. विदर्भात नागपूजेच्या खुणा जुन्या आणि पुष्कळ आहेत, तेव्हा इथल्या शिल्पकाराला हाच प्रसंग का आवडला असावा याचा अंदाज बांधता येतो, अर्थात तो अंदाजच.

टेकडीवर आज गेल्यास हे कोरीव दगड तिथे दिसत नाहीत. सापडलेले शिल्पावशेष हलवले गेले, त्यांतले काही नागपुरात आहेत. टेकडीवर दिसते ते देऊळ, उघडे पडलेले थोडे बांधकाम, झाडी आणि खाली तलाव. स्तूपाचा परीघ मात्र चालून पाहता येतो. अडतीस मीटर व्यासाचा स्तूप म्हणजे प्रदक्षिणेला सव्वाशे मीटरच्या आसपास वाट. हिशेब कागदावर कळतो, पण त्या आकाराचा अंदाज पायाखाली घेतल्यावरच येतो. 1994 मध्ये पुरातत्त्व विभागाच्या अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केले आणि पहिल्या उत्खननातून मिळालेल्या चित्रात भर घातली.

स्तूपांशिवाय पवनीने दिलेले तीन लेख इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात, इतरांना सहसा नसतात. पहिला भार वंशातील भगदत्त राजाचा. पाउले कोरलेल्या शिळेवरचा हा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केला. या राजवंशाची माहिती देणारी साधने फारच थोडी असल्याने एवढासा लेखही मोलाचा ठरतो. दुसरा लेख महाक्षत्रप रूपिअम्म याच्या छायास्तंभावरचा. छायास्तंभ म्हणजे मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारलेला खांब. अशी स्मारके कृष्णेच्या खोऱ्यात नागार्जुनकोंडा येथेही मिळाली आहेत. ‘क्षत्रप’ ही पदवी पश्चिम आणि उत्तर भारतातल्या शक-कुषाण सत्तांची. तिचा धारक वैनगंगेकाठी कसा आला, सातवाहनांची सत्ता त्या वेळी इथे कितपत होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सातवाहनांच्या नकाशात सारा विदर्भ एकाच रंगाने भरून टाकणाऱ्या शालेय पुस्तकांना हा एक खांब अडचणीत आणतो. तिसरा पुरावा वाकाटकांचा : दुसऱ्या प्रवरसेनाच्या बत्तिसाव्या राज्यवर्षातला ताम्रपट. पाचव्या शतकात नंदिवर्धन शाखेच्या वाकाटकांची केंद्रे रामटेकच्या परिसरात होती आणि पवनीचा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता हे त्यावरून दिसते.

टेकड्यांवरून परत गावात आल्यावर पवनीचे दुसरे रूप सामोरे येते. बौद्ध नगराच्या जागी पुढे देवळांचे गाव झाले. देवळांची संख्या इतकी की पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. अशी काशी महाराष्ट्रात प्रत्येक खोऱ्यात एक तरी आहेच, म्हणून बिरुदाकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. एक साम्य मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. काशीला गंगा उत्तरेकडे वळते आणि शहर तिच्या पश्चिम काठावर असल्याने घाट पूर्वाभिमुख झाले. पवनीला वैनगंगा दक्षिणेकडे वाहते, पण गाव इथेही पश्चिम काठावरच आहे. त्यामुळे दोन्हीकडे स्नानाला उतरणारा माणूस उगवत्या सूर्याला अर्घ्य देत पाण्यात शिरतो. दिवाण घाट आणि वैजेश्वर घाट हे इथले ओळखीचे घाट. वैजेश्वराचे महादेव मंदिर, महाशिवरात्रीची गर्दी, अस्थिविसर्जनासाठी दूरच्या गावांहून येणारी कुटुंबे, हे सारे इथे वर्षभर चालू असते. सकाळी लवकर गेल्यास घाटाची आखणी नीट पाहता येते. नदीच्या पुराशी झुंजायचे म्हणून पायऱ्या किती खोलवर आणि बांध किती भक्कम घातले आहेत हे उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जास्त चांगले कळते.

गावातल्या देवळांत पंचमुखी गणेशाचे देऊळ चुकवू नये. विदर्भातल्या अष्टविनायकांत अदासा, रामटेक, केळझर, कळंब, भद्रावती, भंडाऱ्याच्या मेंढ्याचा भृशुंड या गणेशांबरोबर पवनीचाही गणेश गणला जातो. नेहमीची बैठी मूर्ती अपेक्षून आत गेलेला माणूस चकित होतो. एकाच पाषाणावर निरनिराळ्या दिशांना तोंडे असलेला हा गणेश आहे. त्याला सर्वतोभद्र असेही म्हणतात.

घाटावर आणि काठाने ढिवर समाजाची वस्ती आहे. पूल होण्याआधी माणसे, धान्य आणि जनावरे पलीकडे नेण्याचे काम त्यांच्या डोंग्यांनी केले. एका बाजूने वल्हवत, दुसऱ्या बाजूने बांबूच्या रेट्याने डोंगा भर पुरातही पार नेणाऱ्या नावाड्यांचा मान मोठा होता. आता डोंगे मुख्यतः मासेमारीसाठी उरले आहेत. वैनगंगेचे झिंगे भंडारा-नागपूरच्या खवय्यांत नावाजलेले आहेत. पात्र उघडे पडल्यावर रेतीत काकडी, टरबूज आणि डांगरांच्या वाड्या लावण्याचीही या नदीकाठी जुनी रीत आहे. रेतीचे दुसरे गिऱ्हाईक हल्ली बांधकामाचे, आणि नदीच्या दृष्टीने ते वाड्यांपेक्षा फार महागात पडते.

पवनीचा जुना धंदा विणकामाचा. इथले कोष्टी विणकर बारीक सुताच्या, रेशीमकाठी कापडासाठी प्रसिद्ध होते आणि नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराने अशा कापडाला गिऱ्हाईक पुरवले. गिरण्यांच्या कापडाने हा धंदा मोडत आणला. भंडारा जिल्ह्यातले कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे विणकाम मोहाडी-आंधळगाव भागात टिकून आहे. पवनीच्या गल्ल्यांतून हातमागाचा खटका आता सहजी ऐकू येत नाही.

पवनीच्या वरच्या अंगाला, दहा-बारा किलोमीटरवर गोसीखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाची भिंत 11 किलोमीटरहून लांब, दरवाजे 33. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावे त्याच्या पाण्याखाली गेली. पुनर्वसनाचे वाद अजून मिटलेले नाहीत. पाहुण्याला दिसतो तो अथांग जलाशय आणि दरवाजे उघडल्यावरचा फेसाळ लोट. पवनीकरांना मात्र धरणाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या काठावरच्या गावांत पाणी शिरले. शिवाय नाग नदीतून येणारे नागपूरचे सांडपाणी कन्हानमार्गे याच नदीत पोचते. तीर्थ म्हणून ज्या पाण्यात डुबकी मारायची त्यात हे सारे मिसळलेले असते.

एक दिवस जास्त असेल तर परिसरात आणखी तीन ठिकाणे आहेत. पवनीजवळ रुयाड (सिंदपुरी) येथे जपानी बौद्धांच्या मदतीने उभारलेला महासमाधीभूमी हा नवा महास्तूप आहे. जुन्या दोन स्तूपांच्या शेजारी, दोन हजार वर्षांच्या अंतराने, तिसरा उभा राहिला. त्याचा शुभ्र घुमट पाहिल्यावर जगन्नाथ टेकडीवर मूळ आकार कसा दिसत असेल याची थोडीफार कल्पना येते. पश्चिमेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. नागझिऱ्यातून चालत आलेल्या ‘जय’ नावाच्या वाघाने त्याला देशभर नाव मिळवून दिले. एप्रिल 2016 नंतर तो पुन्हा दिसला नाही. वरच्या बाजूला, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर, अंभोरा हा पाच नद्यांचा संगम आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच लिहिला असे विदर्भात मानतात. मराठवाड्यात हाच मान अंबाजोगाईला देतात आणि दोन्हीकडचे लोक माघार घेत नाहीत.

पवनीच्या भेटीचा क्रम लावताना नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय शेवटी ठेवण्यापेक्षा आधी ठेवावे. सोमवारी ते बंद असते, तेव्हा वार पाहून निघावे. तिथली पवनीची शिल्पे आणि रूपिअम्माचा छायास्तंभ आधी पाहून ठेवला की टेकडीवरची रिकामी जागा भरून काढता येते. पवनीत पोचल्यावर आधी जगन्नाथ टेकडी आणि बालसमुद्र, मग कोटाच्या कडेने जवाहर दरवाजा, त्यानंतर पंचमुखी गणेश आणि उन्हे कलल्यावर घाट हा क्रम सोयीचा. पहाटेची वेळ साधायची तर आदल्या रात्री गावात मुक्काम करावा लागतो. राहण्याच्या सोयी साध्या आहेत, त्यामुळे बहुतेक लोक भंडारा किंवा उमरेडला राहून दिवसभरासाठी येतात. टेकड्यांवर माहितीचे फलक अपुरे आहेत, वाटाड्या मिळतोच असे नाही. जवळपासच्या शाळेतल्या शिक्षकांना किंवा देवळातल्या पुजाऱ्यांना विचारले तर ‘कोणता दगड कुठे होता’ हे सांगणारा कोणीतरी निघतोच.